जनावरांच्या कातडीवरील शस्त्रक्रियेनंतर जखमेत उद्भवणारे अवचित उपद्रव

बैलाच्या मानेवरील खांदेसूज वेळीच बरी झाली नाही, म्हणजे ती हळूहळू घट्ट होते आणि तिची गाठ बनते. प्रारंभीची सूज विश्रांतीने व औषधाच्या लेपाने उतरते. परंतु एकदा आतील मांसाची तंतुमय गाठ झाली की कोणत्याही लेपाने ती विरत नाही. बिब्बा घालणे किंवा तापल्या लोखंडाने डागणे यांमुळे तर वरची कातडी मात्र जळते, आणि आतील गाठ होती तशीच राहते. अशा वेळी पशुवैद्याकडून बधिरतेचे इंजेक्शन देऊन कातडी छेदणे, गाठ समूळ काढणे व टाके घालणे हाच खरा उपाय होय. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात ही शस्त्रक्रिया नेहमी होत असते. शिंगाच्या कर्करोगासाठी शिंग काढणे, चामखिळी व अन्य गाठी छेदणे, तारेच्या कुंपणात फाटलेली कातडी शिवणे ही कामेही तेथे होतात.

शस्त्रक्रिया करून जनावर घरी आणले की शेतकऱ्याच्या दृष्टीने काम संपलेले असते. वास्तविक अर्धे काम तेथून पुढे सुरू होते. बहुतेक जखमा दहा ते चौदा दिवसांत धरतात व टाके काढले जातात. परंतु काही जखमा अनपेक्षित रीतीने बिघडतात. त्यांतील काही बिघाड दिसावयास भयंकर असून मुळात निरुपद्रवी असतात. उलट काही दिसावयास क्षुल्लक असून दोन दिवसांत जनावराचा बळी घेतात. या दोहोंतील भेद ओळखणे हे ग्रामसेवकाला व शेतकऱ्याला जमण्यासारखे आहे. प्रत्यक्ष उपचार पशुवैद्यानेच करावयाचे असतात. परंतु त्याला केव्हा व किती घाईने बोलवावयाचे, हे गोठ्यातील माणसालाच ठरवावे लागते.

टाक्यांखाली साचणारे पाणी

समजा, खांद्याची नारळाएवढी गाठ काढली. तेवढी जागा आत पोकळ राहते. पशुवैद्य आतून टाके घालून ती जागा शक्य तितकी मिटवतो, तरीही मान सतत हलत असल्यामुळे थरांमध्ये थोडी पोकळी राहू शकते. या पोकळीत तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास रक्तमिश्रित किंवा पिवळसर पाणी साचते आणि टाक्यांखाली मऊ फुगवटा दिसू लागतो. ‘गाठ परत आली’ असे म्हणून शेतकरी येथे घाबरतो. आठ दिवसांत गाठ परत येत नसते. हा फुगवटा हाताला गरम लागत नाही, दाबल्यास बैल फारसा दचकत नाही, खाणे-रवंथ व्यवस्थित चालू असते आणि ताप नसतो. बैलाच्या शरीराची उष्णता साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. ती गुदद्वारात उष्णतामापक ठेवून मोजावी.

असा फुगवटा घरी ब्लेडने किंवा दाभणाने फोडू नये. आतील पाणी तोवर निर्जंतुक असते. दाभण आत गेले की त्याच्याबरोबर गोठ्यातील घाणही आत जाते आणि साध्या पाण्याचे गळू होते. थोडे पाणी आपोआप जिरते. अधिक असल्यास पशुवैद्य स्वच्छ सुईने काढून घेतो, किंवा खालच्या बाजूचा एखादा टाका सोडून निचऱ्यासाठी वाट करून देतो. फुगवटा गरम, ताठ व दुखरा झाला, बैलाने वैरण सोडली व ताप चढला, तर आत पू झाला आहे असे समजून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कातडीखाली हवा शिरणे

हा उपद्रव विरळ असला तरी ज्याने तो एकदा पाहिला तो विसरत नाही. खांद्याच्या पुढील खळगा, काख किंवा कोपराजवळचा भाग येथील कातडी सैल असते. तेथील जखम पूर्ण बंद नसेल किंवा एखादा टाका उसवला असेल, तर बैल चालताना पाय पुढे-मागे होतो तसतशी कातडी वर-खाली होते आणि भात्याप्रमाणे जखमेतून हवा आत ओढली जाते. आत आलेली हवा बाहेर पडताना मात्र जखमेच्या कडा मिटतात. चालण्याच्या प्रत्येक पावलाबरोबर थोडी थोडी हवा आत साचत राहते. एखाद्या रात्रीत खांदा, मान, प्रसंगी पाठीपर्यंतची कातडी फुगलेली दिसते. वरून बोट फिरवल्यास वाळक्या पानांवरून हात फिरवल्यासारखी चुरचुर लागते.

जनावर विद्रूप दिसते खरे, परंतु ते वैरण खाते, पाणी पिते, रवंथ करते. ताप नसतो. फुगलेली जागा दुखत नाही, गरम नसते, तिला घाण येत नाही. जनावराला बांधून ठेवून चालणे बंद केले व पशुवैद्याकडून जखम झाकून घेतली की नवी हवा आत शिरत नाही. आत गेलेली हवा आठ-पंधरा दिवसांत शरीरातच जिरून जाते. याला अन्य औषध लागत नाही. हवा काढण्याच्या हेतूने कातडीला चिरा देणे किंवा डाग देणे यांसारखा अविचार दुसरा नाही. निरोगी कातडीला त्यामुळे दहा नव्या जखमा होतात. मात्र अंगावर कोठेही जखम नसताना कातडीखाली हवा भरू लागली किंवा त्याबरोबर जनावराला धाप लागली, तर दोष फुप्फुसात वा श्वासनलिकेत असण्याचा संभव असतो. ते प्रकरण निराळे, आणि तातडीचे आहे.

तीच चुरचुर, पण मरणाची

हवेच्या फुगवट्याशी गफलत होऊ शकेल असा दुसरा विकार आहे, आणि याच कारणासाठी या लेखातील हा भाग ग्रामसेवकांनी दोनदा वाचावा. माती व शेण यांत काही जंतू बीजरूपाने वर्षानुवर्षे टिकून राहतात. त्यांना हवा मानवत नाही. खोल, चेचलेल्या, रक्त साकळलेल्या व वरून बंद झालेल्या जखमेत त्यांना हवी तशी जागा मिळते. तेथे ते वाढतात, विष तयार करतात आणि त्यांतील काही वायूही निर्माण करतात. हा वायू कातडीखाली व मांसात पसरल्यामुळे येथेही बोटाला चुरचुर लागते. फऱ्या रोगाचे जंतू याच कुळातील होत. फऱ्या बहुधा सहा महिने ते दोन वर्षांच्या धष्टपुष्ट जनावरांना, पावसाळ्याच्या प्रारंभी, बाहेर कोणतीही जखम नसताना होतो. जखमेतून शिरणारे जंतू मात्र कोणत्याही वयाच्या जनावराला गाठतात. मेंढ्यांमध्ये लोकर कातरताना झालेल्या लहानशा जखमाही त्यांना पुरतात.

येथे लक्षणे वेगाने चढतात. जखमेनंतर एक-दोन दिवसांत, क्वचित चार-पाच दिवसांत, भोवतालचा भाग सुजतो. सूज प्रथम गरम व अतिशय दुखरी असते. पुढे तिचा मध्य गार, बधिर व काळसर पडतो. जखमेतून पातळ, तांबूस, घाणेरड्या वासाचा स्राव येतो. ताप १०६ अंशांपर्यंत किंवा त्याहून वर जातो. जनावर वैरण सोडते, मान टाकून उभे राहते, नंतर बसते ते उठत नाही. उपचार झाला नाही तर एक-दोन दिवसांत मृत्यू येतो.

म्हणून चुरचुर लागताच शेतकऱ्याने चार गोष्टी पाहाव्यात: जनावर खाते काय, ताप आहे काय, सूज दुखते काय, जखमेला घाण येते काय. चारही उत्तरे समाधानकारक असतील तर ती बहुधा नुसती हवा असते आणि सकाळपर्यंत थांबता येते. एक जरी उत्तर वाईट आले, तरी रात्र असली म्हणून थांबू नये. पेनिसिलीन या जंतूंवर चांगले चालते, परंतु ते पहिल्या काही तासांत व भरपूर प्रमाणात मिळाले पाहिजे. मांस काळे पडल्यानंतर त्या मृत भागात औषध पोहोचतच नाही. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. तो गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवावा.

असे जनावर दगावल्यास त्याचे कातडे सोलू नये व शव फाडू नये. झटपट येणाऱ्या मृत्यूमध्ये काळपुळीचाही संशय असतो, विशेषतः नाका-गुदद्वारातून न गोठणारे काळे रक्त आले असेल तर. काळपुळी माणसालाही होते. पशुवैद्याला कळवून शव पाण्यापासून दूर, सहा फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

जखम भरल्यावर येणारा धनुर्वात

धनुर्वाताचे जंतूही याच जातीचे, माती-शेणात राहणारे व हवा टाळणारे आहेत. परंतु त्यांची रीत वेगळी. ते जखमेतच राहतात, सूज आणीत नाहीत, पू आणीत नाहीत. त्यांचे विष मात्र मज्जातंतूंतून पुढे जाते. जखमेपासून साधारण एक ते तीन आठवड्यांनी लक्षणे दिसू लागतात. तोवर पुष्कळदा जखम भरून आलेली असते, खपलीही पडलेली असते, आणि त्यामुळे या दोन गोष्टींचा संबंध घरात कोणाच्या ध्यानात येत नाही.

घोड्याला हा रोग सर्वांत लवकर होतो. शेळ्या-मेंढ्यांनाही होतो, विशेषतः करडाच्या किंवा कोकराच्या वृषणांना रबरी कडे चढवून खच्ची केले असता, कड्याखालचा भाग मरून सडू लागतो तेव्हा. गाई-बैलांत प्रमाण कमी आहे, पण कमी म्हणजे मुळीच नाही असे नव्हे. प्रथम चाल ताठर होते. शेपटी किंचित उचललेली राहते. कान ताठ होतात. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातील पांढरट पडदा बुबुळावर सरकून येतो, आणि जनावराच्या हनुवटीला हलकेच टिचकी मारून मान वर केल्यास तो अधिकच स्पष्ट दिसतो. बैलात पोटफुगी होते. पुढे जबडा मिटतो. तोंडात घास तसाच राहतो. टाळी वाजली किंवा दाराची कडी आपटली तरी सारे अंग थरथरते.

गंजलेल्या खिळ्याने धनुर्वात होतो ही समजूत अर्धीच खरी आहे. गंजामुळे काही होत नाही; खिळ्याला लागलेली माती आणि त्याने केलेली खोल, अरुंद जखम यांमुळे होते. त्याच न्यायाने जखमेवर शेण, चुलीतील राख किंवा वाटेवरची माती लावणे म्हणजे या जंतूंना आपल्या हाताने आमंत्रण देणे होय. ही चाल अद्यापि पुष्कळ गावांतून गेलेली नाही. ज्या घरात शेणाने सारवलेली जमीन पवित्र मानतात, तेथे शेण जखमेला वाईट असे सांगणे अवघड जाते. तरी ते सांगितलेच पाहिजे.

धनुर्वाताविरुद्ध दोन प्रकारची इंजेक्शने असतात आणि त्यांची गल्लत होते. लस दिल्यावर शरीर स्वतः प्रतिकारशक्ती तयार करते. त्याला वेळ लागतो व साधारण चार आठवड्यांच्या अंतराने दुसरी मात्रा द्यावी लागते. प्रतिविष मात्र तात्काळ संरक्षण देते, पण ते काही आठवडेच टिकते. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर लस आधीच द्यावी. जखम अचानक झाली तर प्रतिविषाचा विचार पशुवैद्य करतो. लक्षणे दिसू लागल्यावर जनावराला अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे, आणि तोंड मिटलेले असताना नाळीने औषध पाजण्याचा प्रयत्न करू नये. ते फुप्फुसात जाते. जखम धुणाऱ्या माणसाने आपली स्वतःची धनुर्वाताची लस झाली आहे की नाही, हेही पाहावे.

खच्चीकरणाच्या बाबतीत एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. बर्डिझो चिमट्याने कातडी न फोडता आतील नस दाबून टाकली जाते. कातडी अखंड राहिल्याने माशीला बसावयास जागा मिळत नाही व जंतूंनाही सहसा वाट मिळत नाही. जी जखम केलीच नाही ती बिघडण्याची भीती नसते.

माशी आणि अळ्या

पावसाळ्यात हा उपद्रव इतका होतो की त्याला विरळ म्हणता येणार नाही. परंतु शिवलेल्या जखमेत तो लपून राहतो, म्हणून त्याचा येथे समावेश केला आहे. हिरवट-निळ्या रंगाची चमकदार माशी जिवंत जनावराच्या जखमेच्या कडेवर एका वेळी शंभर-दोनशे अंडी घालते. बारा ते चोवीस तासांत त्यांतून अळ्या निघतात व जिवंत मांस खात आत शिरतात. पाच-सात दिवसांत त्या पूर्ण वाढून जमिनीवर पडतात, मातीत कोश करतात आणि त्यांतून नव्या माश्या बाहेर येतात. काही भागांत या अळ्यांना आसडी म्हणतात. वरून टाके शाबूत, खपली कोरडी, आणि खाली मात्र बोटभर पोकळी, असेही आढळते. टाक्यांमधून सतत झिरपणारा तांबूस पाझर, विशिष्ट कुबट वास, आणि जनावराचे जखम घासण्यासाठी खुंट्याकडे वळणे, ही सूचक चिन्हे होत.

शिंग काढलेल्या बैलाची गोष्ट अधिक गंभीर आहे. प्रौढ जनावराच्या शिंगाचे हाड आतून पोकळ असून ती पोकळी कपाळाच्या हाडातील पोकळीस जोडलेली असते. शिंग बुडातून कापले की हे दार उघडते. वरून शिवलेली कातडी उसवली तर माशी थेट आत अंडी घालते. अशा बैलाच्या एका नाकपुडीतून पू येतो, तो डोके एका बाजूला कलते धरतो, कपाळावर बोटाने टकटक केल्यास दचकतो. वरची जखम बरी दिसत असली तरी अशा वेळी ती पशुवैद्याकडून पुन्हा तपासून घ्यावी.

अळ्यांवर टर्पेंटाइनचा बोळा ठेवण्याची पद्धत जुनी आहे व ती उपयोगी आहे. अळी डोके मांसात खुपसून मागच्या टोकाने श्वास घेते. तेलाने तिचा श्वास कोंडला की ती बाहेर येते. परंतु बोळा थोडा वेळच ठेवावयाचा असतो. नंतर चिमट्याने एकूण एक अळी वेचून काढावी व जखम मिठाच्या पाण्याने धुवावी. तेच तेल रोज ओतल्यास नवे मांस भाजते. फिनेल, रॉकेल, कीटकनाशकाचे द्रावण ही जखमेची औषधे नव्हेत. कीटकनाशकाने तर विषबाधा होऊन जनावर दगावू शकते. वेचलेल्या अळ्या उकिरड्यावर टाकण्याचा प्रघात आहे. तेथील मऊ जमिनीत त्या सुखाने कोश करतात. त्या उकळत्या पाण्यात टाकाव्यात. अळ्यांवर आयव्हरमेक्टिन हे इंजेक्शनही पशुवैद्य देतात. दुभत्या जनावराला ते आपल्या मनाने देऊ नये, कारण औषधाचा अंश दुधात उतरतो.

माश्यांइतकाच कावळ्यांचाही विचार करावा. मानेवरील ओली जखम कावळ्याला दिसली की तो रोज त्याच वेळी येतो व टोचून खपली काढतो. बैलाला तेथे शेपटीही पोहोचत नाही. गोठ्यात बांधणे किंवा जखमेवर स्वच्छ कापडाची सैल झूल टाकणे एवढे पुरते.

न भरणारी जखम

कधी कधी जखम महिनाभरात पूर्ण भरते, केसही उगवू लागतात, आणि मग एके दिवशी तेथे फोडासारखे तोंड पडून थोडा पू येतो. चार दिवसांनी ते मिटते. पंधरा दिवसांनी पुन्हा उघडते. मलमाच्या डब्या संपतात, पण हे चक्र थांबत नाही. आत काहीतरी परके राहिले आहे, असा याचा बहुधा अर्थ असतो: न विरघळणारा टाक्याचा धागा, कापडाचा तुकडा, बाभळीचा काटा, किंवा मेलेल्या हाडाची कपची. वैद्यकात याला नाडीव्रण म्हणतात. आतील वस्तू काढल्याशिवाय तो बरा होत नाही, आणि काढल्यावर बरा होण्यास बहुधा फारसा वेळ लागत नाही. टाके काढताना ते मोजून काढावेत. किती घातले होते हे केसपेपरावर लिहून घेतलेले असले म्हणजे वाद राहत नाही.

घोड्यांमध्ये, विशेषतः गुडघ्याखालच्या जखमांत, निराळाच प्रकार घडतो. जखम भरून काढणारे लालसर दाणेदार मांस वाढतच जाते व कातडीच्या पातळीवर न थांबता फुलकोबीसारखे वर येते. कडेची नवी कातडी हा डोंगर चढून जाऊ शकत नाही, म्हणून जखम उघडीच राहते. धनगरांच्या तट्टांत व टांग्याच्या घोड्यांत हे पाहावयास मिळते. मोरचूद टाकून ते जाळण्याची रीत सर्वत्र आहे. त्याने वाढीव मांस जळते हे खरे, परंतु त्याबरोबर कडेने येणारी कोवळी कातडीही जळते, आणि काम मूळ पदावर येते. या मांसात संवेदना नसल्याने पशुवैद्य ते कातडीच्या बरोबरीने कापून काढू शकतो. रक्त बरेच येते, पण घोड्याला वेदना फारशी होत नाही.

बैलात मात्र वाढीव मांसासारखे काही दिसले तर आधी दोन शंका घ्याव्यात. एक, आतील परकी वस्तू. दुसरी, कर्करोग. भारतीय गोवंशात, त्यातही खच्ची केलेल्या कामाच्या बैलांत, शिंगाचा कर्करोग विशेष आढळतो. शिंग काढलेल्या जागी काही आठवड्यांनी ठिसूळ, सहज रक्त येणारे, घाणेरड्या वासाचे मांस दिसू लागले तर ती जखम बिघडलेली नसून रोग राहिलेला असतो. काढलेल्या गाठीचा तुकडा तपासणीस पाठवावा असा आग्रह शेतकऱ्याने स्वतः धरावा.

लम्पी चर्मरोगाच्या गाठींबाबतही येथे दोन शब्द आवश्यक आहेत. हा रोग भारतात २०१९ साली प्रथम दिसला आणि २०२२ साली महाराष्ट्रात त्याने फार हानी केली. त्यातील गाठी कातडीच्या पूर्ण जाडीतून मरतात व बुचासारख्या सुटून येतात. खालची जागा कच्ची असताना हे बूच ओढून वा कापून काढू नये. ते आपोआप सुटू द्यावे आणि पडलेल्या खड्ड्याला माशीपासून जपावे.

जखमेची रोजची निगा आणि वेदनाशामके

एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम, म्हणजे दीड ते दोन सपाट चहाचे चमचे मीठ घातले की जखम धुण्याचे उत्तम पाणी तयार होते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून समाधान वाटते, पण ते रोज वापरल्यास नवे मांस मरते. पोव्हिडोन आयोडीन सौम्य करून वापरावे. शिवलेली, कोरडी, स्वच्छ जखम रोज धुण्याची गरजच नसते. ती पाहावी आणि सोडून द्यावी.

वेदनेसाठी डायक्लोफिनॅक हे औषध जनावरांना देण्यास २००६ पासून बंदी आहे. ते दिलेले जनावर मेले व गिधाडांनी खाल्ले, तर गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. देशातील गिधाडांची संख्या त्यामुळेच कोसळली. २०२३ साली केटोप्रोफेन व एसिक्लोफिनॅक यांवरही बंदी आली. माणसांसाठी आणलेली शिल्लक इंजेक्शने बैलाला टोचू नयेत. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना अपाय न करणारे औषध पशुवैद्याकडे असते. जखम असलेल्या गाईला प्रतिजैविक दिले असल्यास पशुवैद्य सांगेल तितके दिवस तिचे दूध विकू नये व घरीही वापरू नये.

पुन्हा जुवाखाली

खांद्याची शस्त्रक्रिया केव्हा करावी, हा प्रश्न वस्तुतः आधीच विचारला पाहिजे. गाठ वर्षभर असते, पण ती काढण्याची आठवण मृगाच्या तोंडावर होते. याहून वाईट वेळ नाही. माश्या वाढलेल्या, गोठा ओला, आणि पेरणी पंधरा दिवसांवर. रब्बीची कामे आटोपताच, हिवाळा संपता संपता शस्त्रक्रिया केली तर जखमेला पुरेसा कोरडा काळ मिळतो.

टाके निघाले म्हणजे कातडी पूर्ववत झाली असे नाही. तीन आठवड्यांनंतर नव्या कातडीत मूळच्या सुमारे चौथाईइतकेच बळ असते. तीन महिन्यांनंतरही ते साधारण ८० टक्क्यांपर्यंतच पोहोचते आणि त्यापुढे फारसे वाढत नाही. पंधराव्या दिवशी जू ठेवलेल्या बैलाची जखम उसवते ती यामुळे. त्यात टाके घालणाऱ्याचा दोष नसतो. एका बैलावर ज्याचे सारे शेत अवलंबून आहे त्याला तीन महिने थांबा म्हणणे सोपे नाही, हे खरे. तेवढ्या काळासाठी शेजाऱ्याशी सावड करावी, किंवा ट्रॅक्टर भाड्याने घ्यावा. उसवलेला खांदा घेऊन अर्ध्या हंगामात बसण्यापेक्षा तो खर्च कमी पडतो.

जुंपण्यापूर्वी जूही तपासावे. बैलांच्या उंचीत फरक असल्यास बुटक्याच्या मानेवर भार वाढतो. जुवाची मानेवर टेकणारी बाजू रुंद व गुळगुळीत असावी, शिवळांच्या कडा तासलेल्या असाव्यात, आणि पावसाने भिजलेल्या मानेवर जू ठेवू नये. प्रथम दोन-तीन दिवस नुसते मोकळे जू ठेवून बैल चालवावा. तासाभराने जू उतरवून व्रणाच्या जागी तळहात ठेवून पाहावे. शेजारच्या कातडीपेक्षा ती जागा गरम लागली, केस ओलसर वाटले, किंवा हात लावताच बैलाने कातडी थरथरवली, तर त्या दिवशी जू पुन्हा ठेवू नये; बैल गोठ्यात बांधून आठ दिवसांनी पुन्हा पाहावे.